स्पर्धात्मक एअर रायफलची निवड

एअर रायफल म्हणजे बंदुकीच्या दारूऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा फेकणारी आणि नळीच्या आतून सर्पिल खाचा असलेली बंदूक होय. या खाचांमुळे छर्ऱ्याला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व त्याचा मार्ग स्थिर राहतो. बोलीभाषेत तिला छर्ऱ्याची बंदूक असेही म्हणतात. जत्रेत फुगे फोडण्याच्या साध्या बंदुकीपासून ऑलिंपिक स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या काही लाख रुपयांच्या साधनापर्यंत या संज्ञेची व्याप्ती आहे. प्रस्तुत लेखात नवोदित नेमबाजाने आपली पहिली उच्च दर्जाची एअर रायफल कोणत्या निकषांवर निवडावी याचे विवेचन आहे. भंडारा जिल्ह्यासारख्या, मोठ्या क्रीडाकेंद्रांपासून दूर असलेल्या भागातील परिस्थिती विशेषत्वाने विचारात घेतली आहे. किंमत, जोर व नाममुद्रा यांपेक्षा रायफलची नेमबाजाच्या शरीराशी जुळणी, स्पर्धाप्रकाराशी सुसंगती आणि हवा भरण्याची कायमस्वरूपी सोय हे तीन घटक निवडीत निर्णायक ठरतात.

कार्यपद्धतीनुसार प्रकार

एअर रायफलचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

स्प्रिंग-पिस्टन : नळी मोडून किंवा तरफ ओढून आतील स्प्रिंग ताणली जाते. चाप दाबताच पिस्टन वेगाने पुढे जातो व त्याच्यापुढील हवा दाबली जाऊन छर्रा सुटतो. ही रचना स्वस्त, टिकाऊ व स्वयंपूर्ण आहे. मात्र छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच पिस्टनच्या हालचालीने बंदूक हादरते, त्यामुळे अचूकतेवर मर्यादा येते. काही जुन्या जर्मन सामना-रायफलींत संपूर्ण यंत्रणा दस्त्यावर मागे सरकेल अशी रचना करून हा धक्का शोषून घेतला जात असे. फाइनवेर्कबाउ कंपनीची ३०० मालिका याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

एकस्ट्रोक न्यूमॅटिक : प्रत्येक छर्ऱ्यासाठी बाजूची तरफ एकदा उघडून मिटवली की आवश्यक तेवढी हवा कोठडीत साठते. हादरा जवळजवळ नसतो आणि बाहेरून हवा भरावी लागत नाही. प्रत्येक वेळी तरफ ओढण्याचे श्रम हा तिचा दोष आहे.

प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक : ही रचना पीसीपी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नळीखालील नळकांड्यात साधारणतः २०० बार दाबाची हवा आधीच भरून ठेवतात. दाब-नियामकामुळे प्रत्येक छर्ऱ्यामागे जवळपास समान हवा सुटते. आजच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतील बहुतेक सर्व रायफली या प्रकारच्या असतात. फाइनवेर्कबाउ, वाल्थर व आन्शुट्झ या जर्मन आणि स्टायर ही ऑस्ट्रियन नाममुद्रा त्यांत अग्रगण्य आहेत. अशा नव्या रायफलची भारतातील किंमत साधारणतः दोन-तीन लाख रुपयांच्या घरात जाते. अलीकडे भारतीय उत्पादकही तुलनेने कमी किमतीत पीसीपी रायफली बनवू लागले आहेत.

ऊर्जा आणि अचूकता

अधिक जोराची बंदूक म्हणजे अधिक चांगली बंदूक, हा नवोदितांचा सर्वांत मोठा गैरसमज होय. ऑलिंपिक दर्जाच्या रायफलमधून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने बाहेर पडतो. त्याची ऊर्जा सात ते आठ जूल इतकीच भरते. बाजारात मिळणाऱ्या काही साध्या स्प्रिंगच्या बंदुकांची ऊर्जा याच्या दुपटीहून अधिक असते. दहा मीटरवरील कागदी लक्ष्याला छिद्र पाडण्यास सात जूल पुरेसे असल्याने निर्माते उरलेले सर्व कौशल्य हादरा कमी करण्यावर व प्रत्येक छर्रा पूर्वीच्याच छिद्रातून जावा यावर खर्च करतात.

अचूकतेची अपेक्षा किती सूक्ष्म आहे हे लक्ष्याच्या मापावरून ध्यानात येते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा एकूण व्यास ४५.५ मिलिमीटर असून दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटरचा असतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत असावे लागते. मागील व पुढील साइटमध्ये सुमारे ०.८ मीटर अंतर धरल्यास, दोन्ही साइटच्या परस्पर स्थितीत केवळ ०.२ मिलिमीटरचा फरक पडला तरी नेम दहातून नऊत जातो. हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणूनच नेमबाजाला प्रत्येक वेळी अगदी त्याच ठिकाणी गाल टेकता येईल व खांदा लावता येईल अशी रायफल ही उच्च दर्जाची रायफल मानली जाते.

कमी वेगाचा छर्रा नळीत अधिक काळ राहतो, त्यामुळे चाप दाबल्यानंतरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवण्याची सवय लावावी लागते. ही शिस्त महागड्या रायफलमुळे आपोआप येत नाही. चांगली रायफल नेमबाजाची चूक लक्ष्यावर अधिक स्पष्टपणे दाखवते इतकेच.

स्पर्धाप्रकार

दहा मीटर एअर रायफलचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश १९८४च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत झाला. पात्रता फेरीत पुरुष व महिला दोघांनाही प्रत्येकी ६० छर्रे उभ्याने मारावे लागतात. गुण दशांशांत मोजले जातात व प्रत्येक छर्ऱ्याला कमाल १०.९ गुण असल्याने कमाल गुणसंख्या ६५४ होते. रायफलचे वजन साडेपाच किलोग्रॅमहून अधिक चालत नाही. दुर्बीण लावण्यास मनाई आहे. मागे बारीक छिद्राची व पुढे गोल कड्याची साइट वापरतात. या जोडीला भारतात पीप साइट म्हणतात.

भारतात शालेय व राष्ट्रीय नियमांच्या स्पर्धांत याखेरीज ओपन साइट हा स्वतंत्र प्रकार असतो. त्यात मागे उघडी खाच व पुढे माशी असते. नवोदित विद्यार्थ्याची सुरुवात बहुधा याच प्रकारातून होते. त्यामुळे खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न ‘कोणती रायफल?’ हा नसून ‘कोणता प्रकार?’ हा असतो. ओपन साइट प्रकारात एक-दोन वर्षे खेळू इच्छिणाऱ्या मुलासाठी आयात केलेली पीप साइट रायफल घेणे अनावश्यक ठरू शकते; उलट पुढे पीप साइटकडे वळण्याचा निश्चय असल्यास साइट बदलता येणारी रायफल घेणे हिताचे असते. संबंधित स्पर्धेच्या चालू वर्षाच्या नियमपत्रकावरून साधनाची ग्राह्यता पडताळून पाहावी.

महाराष्ट्रातील परंपरा

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी म्हणून ओळखली जाते.

दहा मीटर एअर रायफलमध्ये महाराष्ट्राची परंपरा समृद्ध आहे. अंजली भागवत यांनी २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये, तर सुमा शिरूर यांनी २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठली. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे विश्वविजेते झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या गावचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. तो प्रकार एअर रायफलचा नसला, तरी लहान गावातून ऑलिंपिक पदकापर्यंतचा मार्ग खुला आहे याचे ते उदाहरण होय. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून त्यांचे प्रारंभिक प्रशिक्षण झाले.

निवडीचे निकष

शरीराशी जुळणी : प्रथम नेमबाजाचा प्रबळ डोळा कोणता हे पाहावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधल्या लहानशा फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी व मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना वस्तू फटीतच दिसते तो प्रबळ डोळा होय. त्यानुसार उजव्या किंवा डाव्या हाताची रायफल ठरते. यानंतर दस्त्याची लांबी, खांद्याला टेकणारी बटप्लेट, गाल टेकण्याची पट्टी, मूठ व डाव्या हाताखालील आधार हे भाग किती सरकवता येतात ते पाहावे. मान न वाकवता डोळा साइटच्या छिद्रासमोर आला पाहिजे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाची उंची झपाट्याने वाढते. त्यामुळे त्याच्यासाठी लांबी वाढवता येणारा दस्ता अत्यावश्यक ठरतो. अॅल्युमिनियमच्या दस्त्यात ही सोय अधिक असते. लाकडी दस्ता तुलनेने स्वस्त असतो व अनेकांना हाताळण्यास सुखद वाटतो.

वजन : साडेपाच किलोग्रॅम ही नियमाची कमाल मर्यादा आहे, तितके वजन असावेच असे नाही. किशोरवयीन नेमबाजासाठी हलकी व पुढे वजनाचे तुकडे जोडता येतील अशी रायफल योग्य. पेलवत नसलेली रायफल धरण्यासाठी कंबर अति वळवावी लागते व कालांतराने पाठीचे दुखणे जडू शकते.

चाप : सामना-रायफलचा चाप दोन टप्प्यांचा व अतिशय हलका असतो. पहिला टप्पा कोठे संपतो हे बोटाला स्पष्ट कळले पाहिजे. चापाचे स्थान व भार बदलता येणे आवश्यक आहे.

कोरड्या सरावाची सोय : छर्रा न भरता व हवा न सोडता केवळ नेम धरून चाप दाबण्याच्या सरावास कोरडा सराव म्हणतात. बहुतेक सामना-रायफलींत त्यासाठी वेगळी व्यवस्था असते. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र छर्र्याविना चाप दाबल्यास पिस्टन आदळून यंत्रणेची हानी होते. ज्या गावात नेमबाजीचे मैदान नाही तेथील विद्यार्थ्याला ही सोय सर्वाधिक उपयोगी पडते, कारण घराच्या भिंतीवर काढलेल्या ठिपक्यावर तो रोज सराव करू शकतो.

छर्रे : सामन्यात सपाट तोंडाचे छर्रे वापरतात, त्यांनी कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते. प्रत्येक नळीला विशिष्ट मापाचा व विशिष्ट उत्पादन-तुकडीचा छर्रा अधिक मानवतो. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या डब्यांतील दहा-दहा छर्रे मारून पाहतात. सर्वांत लहान गुच्छ देणाऱ्या तुकडीचे छर्रे वर्षभरासाठी एकदम घेणे शहाणपणाचे असते.

एकूण खर्च : रायफलखेरीज नेमबाजीचा कोट, विजार, बूट, हातमोजा, छर्रे व प्रवास यांचा खर्च असतो. सर्व पैसा रायफलमध्ये घालून उभे राहण्यासाठी योग्य बूट व कोट न घेणे ही नेहमी आढळणारी विसंगती आहे. मध्यम किमतीची, अंगाला नीट जुळणारी रायफल आणि दोन वर्षांचे नियमित छर्रे हा मेळ अतिमहाग रायफल व तुटपुंजा सराव यांहून निश्चितच फलदायी असतो.

हवेचा पुरवठा

पीसीपी रायफल घेताना हवा कोठे भरणार हा प्रश्न रायफलइतकाच महत्त्वाचा आहे. मोटारीच्या चाकात साधारणतः दोन-अडीच बार दाब असतो. रस्त्यावरील टायर-दुरुस्तीच्या दुकानातील यंत्र जेमतेम दहा बारपर्यंत पोहोचते. दोनशे बारसाठी विशेष हातपंप, उच्चदाब कॉम्प्रेसर अथवा पाणबुड्यांच्या धर्तीचे मोठे साठवण-नळकांडे लागते. हातपंप सर्वांत स्वस्त आहे, परंतु त्याने भरलेल्या हवेतील बाष्प नळकांड्यात साचू नये म्हणून आर्द्रता शोषणारी गाळणी आवश्यक असते. मोठ्या नळकांड्यांना वायुनळकांडे नियम, २०१६ लागू होतात व त्यांची ठरावीक मुदतीने चाचणी करावी लागते. या विषयाची नियामक असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

एअर रायफलमध्ये प्राणवायू कदापि भरू नये. वेल्डिंगच्या दुकानातील किंवा रुग्णालयातील ऑक्सिजनचे नळकांडे सहज उपलब्ध असते व त्यात उच्च दाबही असतो, त्यामुळे लहान गावांत हा मोह होऊ शकतो. मात्र उच्च दाबाखालील शुद्ध ऑक्सिजनचा तेल वा वंगणाशी संपर्क आल्यास स्फोट होऊन जीवितहानी होऊ शकते. रायफलमध्ये केवळ कोरडी, स्वच्छ हवाच भरावी.

हवा भरण्याची खात्रीची सोय नसल्यास सुस्थितीतील वापरलेली एकस्ट्रोक रायफल हा आजही समर्थनीय पर्याय आहे. ती जुन्या पिढीची असली, तरी तिच्या नळीची अचूकता नवोदिताच्या गरजेहून पुष्कळ अधिक असते.

हवामान व निगा

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २० अंश तापमानाला २०० बारपर्यंत भरलेल्या नळकांड्यातील दाब ४५ अंशांना सुमारे २१७ बार होतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान याहूनही चढते. म्हणून भरलेले नळकांडे मोटारीत वा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये आणि उन्हाळ्यात ते कमाल मर्यादेपर्यंत भरू नये. पावसाळ्यात नळी व पोलादी भागांवर गंज चढतो. सराव संपल्यावर कोरड्या कापडाने पुसून रायफल पेटीत ठेवावी.

नळकांड्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते. त्याची वापरमुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षे धरली जाते. स्पर्धेत मुदत उलटलेले नळकांडे बाद ठरते व ते वैध ठेवण्याची जबाबदारी खेळाडूची असते.

वापरलेली रायफल घेताना

पहिली रायफल वापरलेली घेण्यात कमीपणा नाही. व्यवहारापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात : नळकांड्याची तारीख; भरलेल्या नळकांड्याचा दाब रात्रभरात उतरतो का; नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का; साइटच्या चकत्या फिरवल्यावर नेम मोजका व एकसारखा सरकतो का; आणि रायफलवरील क्रमांक मूळ पावतीशी जुळतो का. सुटे भाग व दुरुस्ती भारतात उपलब्ध आहे किंवा नाही याची चौकशी करावी. दुर्मीळ नाममुद्रेची रायफल स्वस्त मिळाली, तरी एका रबरी कड्यासाठी ती महिनोन्महिने पडून राहू शकते.

कायदेशीर बाजू व वन्यजीव संरक्षण

शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यांपैकी एकही मर्यादा ओलांडल्यास परवाना आवश्यक ठरतो. ५.५ मिलिमीटरची रायफल त्यामुळेच परवान्याच्या कक्षेत येते. सामना-रायफल दोन्ही मर्यादांच्या आत बसते. पावती व ओळखपत्राची प्रत रायफलसोबत ठेवावी आणि प्रवासात रायफल रिकामी करून बंद पेटीतून न्यावी.

परवाना लागत नाही याचा अर्थ पक्ष्यांवर छर्रे झाडण्याची मुभा आहे असा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्ष्यांची व प्राण्यांची शिकारच नव्हे, तर शिकारीचा प्रयत्नही गुन्हा ठरतो. याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाण्यास मनाई आहे. भंडारा जिल्ह्यात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. कोका अभयारण्य जिल्ह्यात असून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य यांचा काही भाग जिल्ह्यात येतो. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. गावातील तळ्याकाठी छर्ऱ्याच्या बंदुकीने केलेली मौज कायद्याने गुन्हा ठरू शकते, तसेच ज्या क्रीडेच्या नावाने ती बंदूक घेतली त्या क्रीडेचीही तिने अप्रतिष्ठा होते.

भंडारा जिल्ह्यातील नवोदितांसाठी क्रम

जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. जवळचे मोठे शहर नागपूर हे भंडारा शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. लाखांदूर वा साकोलीकडील गावांना हे अंतर बरेच अधिक पडते. बहुतांश कुटुंबांचे उत्पन्न धानशेतीवर अवलंबून असल्याने दोन-तीन लाखांची खरेदी हा कुटुंबाच्या दृष्टीने मोठा निर्णय असतो. म्हणून पुढील क्रम सुचवला जातो.

१. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून शालेय स्पर्धेतील नेमबाजीचे वयोगट, प्रकार व वेळापत्रक समजून घ्यावे.

२. किमान सहा महिने प्रशिक्षण केंद्राच्या किंवा क्लबच्या रायफलवर सराव करावा. या काळात प्रबळ डोळा, उभे राहण्याची ढब व प्रकाराची आवड निश्चित होते. आवड टिकली नाही, तर कुटुंबाचे पैसे वाचतात.

३. प्रशिक्षकासमवेत निरनिराळ्या दस्त्यांच्या रायफली प्रत्यक्ष खांद्याला लावून पाहाव्यात. केवळ चित्र वा जाहिरात पाहून मागवू नये.

४. हवा, छर्रे व दुरुस्ती यांची सोय आधी ठरवावी आणि मगच रायफलची नोंदणी करावी.

५. स्पर्धात्मक वाटचाल सुरू झाल्यावर राज्य व राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व घ्यावे. विहित गुण मिळवणाऱ्या नेमबाजांना संघटनेच्या शिफारशीने साधनांच्या आयातीबाबत सवलती मिळू शकतात. त्यामुळे अतिमहाग रायफलची खरेदी त्या टप्प्यापर्यंत लांबवणे आर्थिकदृष्ट्या श्रेयस्कर असते.

सुरक्षा

सात जूल ऊर्जेचा छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो. रायफल नेहमी भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवावे. नेम धरल्याखेरीज बोट चापावर नेऊ नये. घरी सराव करताना लक्ष्यामागे छर्रे अडवणारी पोलादी पेटी असावी व त्या दिशेला दार किंवा वाट नसावी. छर्रे शिशाचे असल्याने ते तोंडात धरू नयेत आणि सरावानंतर हात साबणाने धुवावेत. अठरा वर्षांखालील मुलांनी प्रौढ व्यक्तीच्या देखरेखीखालीच सराव करावा. रायफल व छर्रे घरात वेगवेगळ्या कुलपांत ठेवावेत.